नाव एक, माश्या दोन

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माशीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. वार्षिकासाठी आमच्याकडून कविता यावी, फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण यावे, अशी संपादक मंडळाची रास्त अपेक्षा असते. माशी हा प्राणिशास्त्राचा विषय, आणि मराठी माणसाच्या बोलण्यात तर ती केवळ शिंकण्यापुरती येते. परंतु मी या विषयाकडे वळलो तो भाषेच्या वाटेने. वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर ‘आंब्यावर फळमाशीचा प्रादुर्भाव’ असा मथळा असतो. त्याच वर्तमानपत्रात एखाद्या दिवशी ‘फळमाशीवरील संशोधनास नोबेल पारितोषिक’ अशीही बातमी असते. माझे गाव कोकणपट्टीत आहे आणि घरी हापूसची चौदा कलमे आहेत. जी माशी आमच्या आंब्याचा नाश करते तिच्यावर काम करून परदेशातील विद्वानांना पारितोषिके मिळत असतील, तर एवढ्या संशोधनानंतर आमचा आंबा अजून का किडतो, असा साधा प्रश्न मला पडला.

उत्तर शोधू लागल्यावर समजले की या दोन बातम्यांतील माश्या एक नाहीतच. नाव एक असले तरी माश्या दोन आहेत. त्यांची कुळे वेगळी, आकार वेगळा, राहणी वेगळी, आणि माणसाशी असलेले नाते तर अगदी उलट. प्रस्तुत लेखात या दोघींची तुलना करण्याचा मी प्रयत्न केला आहे. विषय विज्ञानाचा असला तरी परिभाषेचा भार शक्य तितका कमी ठेवला आहे.

दोघींची ओळख

पहिली माशी आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन गेलेली आहे. केळ्यांचा घड जरा जास्त पिकला, किंवा चिरलेल्या फळांच्या साली टोपलीत राहिल्या, की त्यांभोवती बारीक चिलटे घोंगावू लागतात. या चिलटांचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. माइगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ड्रोसोफिला’ म्हणजे दवाची आवड असलेली आणि ‘मेलॅनोगॅस्टर’ म्हणजे काळ्या पोटाची. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, अंग पिवळसर तपकिरी, डोळे लालभडक. नराच्या पोटाचे टोक काळे असते, म्हणून हे नाव. आपल्याकडील घरांत दिसणारी सगळीच चिलटे या एका जातीची असतात असे नव्हे. अनानासी नावाची तिची एक भगिनी उष्ण प्रदेशांत सर्रास आढळते, आणि बनारस हिंदू विद्यापीठात तिच्यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. राहणीच्या दृष्टीने मात्र या बहिणींत फारसे अंतर नाही.

दुसरी माशी बागेतली. तिचे नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. जुन्या पुस्तकांत ती डॅकस डॉर्सॅलिस या नावाने भेटते. घरात फिरणाऱ्या साध्या माशीपेक्षा ती किंचित मोठी, सात-आठ मिलिमीटर लांबीची असते. प्रथमदर्शनी एखादी लहानशी गांधीलमाशी वाटावी असा तिचा डौल आहे. पाठ काळसर, तिच्यावर दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, आणि पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण. पंख काचेसारखे स्वच्छ, फक्त वरच्या कडेला एक बारीक काळी किनार. मादीच्या पोटाच्या शेवटी सुईसारखी टोकदार नळी असते. या नळीतच तिचे सारे सामर्थ्य आणि आमचे सारे नुकसान साठवलेले आहे.

साम्य किती?

तुलना करताना आधी साम्य पाहावे, म्हणजे भेदाला अर्थ येतो. दोघीही द्विपंखी गणातल्या. इतर बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माश्यांना एकच असते. मागच्या जोडीच्या जागी गाठीसारखे दोन लहान दांडे असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. दोघींच्याही आयुष्यात अंडे, अळी, कोश आणि माशी अशा चार अवस्था येतात. अळीला पाय नसतात. ती दोनदा कात टाकते, आणि तिसऱ्या अवस्थेतील कातडी न टाकता तिलाच घट्ट करून तिचा तपकिरी कोश बनवते. कोशातून बाहेर पडण्याची युक्तीही दोघींची एकच आहे. नव्या माशीच्या कपाळातून एक फुगा बाहेर येतो, त्याच्या रेट्याने कोशाचे झाकण उघडते, आणि काम झाल्यावर तो फुगा कायमचा आत जातो.

इतके साम्य पाहून कोणी म्हणेल की मग एक नाव दिले तर बिघडले कोठे? परंतु हे साम्य घरातल्या साध्या माशीशीही तितकेच आहे. शास्त्राच्या दृष्टीने या दोन फळमाश्या दोन वेगळ्या कुळांत मोडतात. पेशीतील गुणसूत्रे मोजली तर मेलॅनोगॅस्टरच्या चार जोड्या भरतात, डॉर्सॅलिसच्या सहा.

दोन बरण्यांचा प्रयोग

पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहावे म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मी घरी एक साधा प्रयोग केला. लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घेतल्या. पहिलीत एक अतिशय पिकलेले केळे सोलून ठेवले, एक दिवस ती उघडी ठेवली, चिलटे येऊन गेल्यावर तोंडाला फडके बांधले. दुसरीत तीन बोटे ओलसर माती घातली आणि तिच्यावर कलमाखाली पडलेला, सालीवर बारीक टोच असलेला एक आंबा ठेवला. तिलाही फडके बांधले. रोज संध्याकाळी दोन्ही बरण्या पाहून वहीत टिपण करीत गेलो.

पहिल्या बरणीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी केळ्याच्या लगद्यात केसासारख्या बारीक अळ्या वळवळू लागल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या लगदा सोडून काचेवर चढू लागल्या आणि बरणीच्या वरच्या भागात काचेला चिकटून त्यांनी कोश केले. दहाव्या दिवशी फडक्याच्या खाली नवी चिलटे बसलेली दिसली.

दुसऱ्या बरणीत पहिले दोन दिवस वरून काहीच दिसत नव्हते. आंबा तेवढा एका बाजूने मऊ पडत होता. तिसऱ्या दिवशी त्यातून पांढरट, सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या अळ्या बाहेर पडल्या आणि चक्क उड्या मारू लागल्या. अळी आपले अंग कमानीसारखे वाकवते, तोंडाच्या आकड्याने शेपटीकडचा भाग धरते आणि एकदम सोडते, तशी ती टणकन दूर जाऊन पडते. मातीवर पडल्यावर मात्र ती वेळ न दवडता आत शिरते. दोन दिवसांनी चमच्याने एका बाजूची माती उकरली तेव्हा दोन बोटे खोलीवर गव्हाच्या दाण्यासारखे कोश सापडले. त्यानंतर आठवड्याभराने पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या बाहेर आल्या. पहिल्या तासात त्यांचा रंग फिका आणि पंख चुरगळलेले होते.

एकीची अळी कोशासाठी वर चढते, दुसरीची खाली उतरते. वरवर क्षुल्लक वाटणारा हा भेद व्यवहारात केवढा महत्त्वाचा आहे, ते पुढे येईलच.

खरा भेद: जिवंत फळ आणि कुजके फळ

या दोन माश्यांतील मूळ भेद एका वाक्यात सांगायचा तर असा: चिलट फळाच्या मरणानंतर येते, बागेतली माशी फळ जिवंत असताना येते.

चिलटाला खरे म्हणजे फळ नकोच असते. पिकून आंबू लागलेल्या फळावर जे किण्व, म्हणजे यीस्ट, वाढते ते तिचे आणि तिच्या अळ्यांचे अन्न. आंबण्याच्या क्रियेतून मद्यार्काचा आणि शिरक्याचा जो वास सुटतो, त्याच्या मागावर ती येते. साल फोडण्याचे साधन तिच्याजवळ नाही. फळ आधीच फुटलेले, चिरलेले किंवा नासलेले असावे लागते. तिचे अंडे अर्ध्या मिलिमीटरचे. त्याला दोन बारीक तंतू असतात, आणि अंडे ओल्या लगद्यात बुडाले तरी ते तंतू वर राहून त्याला हवा मिळत राहते. म्हणजे लगद्यातच जगण्यासाठी घडवलेला हा जीव आहे.

बागेतली माशी याच्या उलट. तिला भरलेले, पाडाला आलेले, झाडावरचे फळ हवे असते. मादी सालीवर बसून आपली सुई आत खुपसते आणि सालीखाली तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी घालते. एक मादी आपल्या आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि अळ्या गर खात आत शिरतात. बाहेरून फळावर फक्त टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो. आंबा, पेरू, चिकू, पपई, लिंबूवर्गीय फळे मिळून दोनशेहून अधिक वनस्पतींच्या फळांवर ती जगते. त्यामुळे आंब्याचा हंगाम संपला म्हणून तिची उपासमार होत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य वाटते. हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो त्याला आपण ‘साका’ म्हणतो. पुष्कळ लोक त्याचाही दोष माशीला देतात. साका ही फळाच्या वाढीतील अंतर्गत विकृती आहे. तिच्याशी कोणत्याही माशीचा संबंध नाही.

दुसरा गैरसमज याहून मजेशीर आहे. बागेतली माशी टोचते, त्या छिद्रातून फळ कुजू लागते, आंबूस वास सुटतो, आणि मग त्या वासावर चिलटे जमतात. घरात आढी उघडणाऱ्याला दिसतात ती चिलटे. खरी गुन्हेगार केव्हाच उडून गेलेली असते, आणि मागाहून आलेल्याच्या माथी आळ येतो.

नियमाला अपवाद असतोच. ड्रोसोफिला वंशातही सुझुकी नावाची एक जात आहे. तिच्या मादीच्या अंडी घालण्याच्या नळीला करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे ती चेरी, स्ट्रॉबेरी अशी नाजूक सालीची निकोप फळे टोचू शकते. पूर्व आशियातील ही माशी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आणि दक्षिण युरोपात आढळली आणि तेथील बागायतदारांची झोप उडाली. या अपवादाने मूळ मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. साल फोडता येणे किंवा न येणे, एवढ्यावर कीटक उपद्रवी की निरुपद्रवी हे ठरते.

प्रयोगशाळेतली माशी

आता नोबेल पारितोषिकांकडे वळू. ती सारी चिलटाची. तिला वाढवायला खर्च नाही, दुधाच्या बाटलीत केळ्याचा लगदा पुरतो. पंचवीस अंश सेल्सिअसला दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, म्हणजे एका वर्षात तीस-पस्तीस पिढ्या पाहता येतात. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. हा गुण पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो हे तपासताना, आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा हाती आला. मॉर्गन यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत अल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विद्यार्थी होता. गुणसूत्रावर कोणता गुण कोणत्या क्रमाने आणि किती अंतरावर आहे याचा जगातील पहिला नकाशा त्याने तयार केला, तोही पदवीपूर्व वर्गात शिकत असताना. १९१३ मध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच परंपरेतील हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले की क्ष-किरणांनी या माशीच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवता येतात. त्यांना १९४६ चे पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कोनोप्का आणि बेन्झर यांना अशी चिलटे सापडली, की ज्यांचा दिवस चोवीस तासांचा नव्हता. काहींचा एकोणीस तासांचा, काहींचा अठ्ठावीस तासांचा, तर काहींना दिवसरात्रीचा हिशेबच नव्हता. पुढे या शरीरांतर्गत घड्याळाच्या संशोधनाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च २००० मध्ये या माशीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांनी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटाला वास आणि चव कशी कळते, याचा शोध घेतला. वास न ओळखणाऱ्या, चव न ओळखणाऱ्या माश्या शोधून काढून, कोणत्या जनुकामुळे काय बिघडले हे त्यांनी तपासले. कोकणच्या बागेत माशी आंब्याकडे कशाच्या ओढीने येते, हा प्रश्न आणि कुलाब्याच्या प्रयोगशाळेतील हा प्रश्न एकमेकांपासून फार दूर नाहीत.

बागेतली माशी आणि तिचा वेडा वास

बागेतल्या माशीचे सर्वांत मोठे गुपित भारतातच उलगडले. बिहारमधील पुसा येथे त्या काळी सरकारी कृषी संशोधन संस्था होती. तेथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांना १९१२ च्या सुमारास आढळले की, डास पळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे या कुळातील माश्या झुंडीने येतात. आणखी विशेष म्हणजे येणाऱ्या सर्व माश्या नर होत्या. हा परिणाम तेलातील मिथाइल युजेनॉल या घटकाचा आहे, असे १९१५ पर्यंत स्पष्ट झाले. हाच पदार्थ आपल्या अंगणातल्या तुळशीतही असतो, आणि म्हणून बागांमधून तुळशीच्या पानांचा आमिष म्हणून उपयोग होत आला आहे.

नर या वासाने इतका वेडा का होतो? तो हा पदार्थ खातो, शरीरात त्याचे रूपांतर करतो आणि संध्याकाळी मादीला बोलावण्यासाठी सोडायच्या गंधात तो मिसळतो. ज्याने हा पदार्थ खाल्ला आहे त्याला मादी मिळण्याची शक्यता वाढते. दिवेलागणीच्या वेळी हे नर झाडावर एकत्र जमतात आणि पंख फडफडवून गंध पसरवतात. चिलटाचा नर प्रियाराधनासाठी एक पंख पसरून थरथरवतो आणि त्यातून मादीला ऐकू जाईल असे गाणे काढतो. एकाची भिस्त मुख्यतः अत्तरावर, दुसऱ्याची गाण्यावर, असा हा भेद!

या वासाच्या बळावर १९६५ मध्ये पॅसिफिक महासागरातील रोटा नावाच्या लहान बेटावर एक प्रयोग यशस्वी झाला. मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक भिजवलेले तुकडे बेटावर टाकले गेले, बहुतेक सर्व नर मेले, माद्यांना जोडीदार उरले नाहीत आणि माशीचे उच्चाटन झाले. जपाननेही आपल्या दक्षिणेकडील बेटांवरून ही माशी १९८६ पर्यंत नाहीशी केली. आपल्याकडे बागांत टांगतात ते सापळे याच तत्त्वावर चालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यांपैकीच एक.

जात ओळखायची कशी?

दोन वेगळ्या माश्यांना एक नाव पडते, तसे एकाच माशीला दोन नावेही पडतात. २००३ मध्ये आफ्रिकेतील केनियात आंब्यावर एक नवी माशी आढळली. २००५ मध्ये तिला स्वतंत्र जात मानून बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स असे नाव दिले गेले. पाहता पाहता ती आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरली. पुढे अनेक देशांच्या अभ्यासकांनी तिचे अवयव मोजले, जनुके तपासली, नराचा गंध तपासला, आणि डॉर्सॅलिसशी तिचा संकर होऊन निकोप संतती होते की नाही हेही पाहिले. २०१५ च्या सुमारास निष्कर्ष निघाला की ही वेगळी जात नाहीच, आपल्या आशियातील डॉर्सॅलिसच ती! हा केवळ नावाचा वाद नव्हता. कोणत्या देशातून फळ घ्यावे आणि कोणत्या देशातून घेऊ नये, हे किडीच्या नावावर ठरते. नाव चुकले तर एखाद्या देशाचा व्यापार अडतो.

व्यापाराची किंमत

अशा अडलेल्या व्यापाराचा अनुभव आपण घेतलेला आहे. २०१३ या एका वर्षात भारतातून युरोपात गेलेल्या फळांच्या आणि भाज्यांच्या २०७ मालांत फळमाशी किंवा अन्य किडी सापडल्या. त्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली. तारीख पाहावी. ऐन हंगामातील ती तारीख आहे. आंब्यावरील ही बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला, परंतु २०१४ चा हंगाम गेला तो गेलाच. जपानने १९८६ पासून घातलेली बंदी तर २००६ मध्ये उठली, म्हणजे वीस वर्षांनी.

बंदी उठवण्यासाठी फळातील अंडी-अळ्या मारण्याचे मार्ग सिद्ध करून दाखवावे लागले. एक मार्ग उष्णतेचा: आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवायचा, किंवा त्याला उष्ण बाष्पाची प्रक्रिया द्यायची. दुसरा मार्ग किरणांचा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तेथे ४०० ग्रे इतकी मात्रा दिलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला गेला. या मात्रेने आतली अळी कदाचित लगेच मरणार नाही, पण तिची माशी कधी होणार नाही.

आता वाचकांनी म्युलर यांचे क्ष-किरण आठवावेत. त्यांनी चिलटांवर केलेले प्रयोग हे त्या काळी शुद्ध जिज्ञासेचे काम होते. त्यातून कोणाचे पीक वाचेल असे कोणी म्हटले नसते. परंतु नर किडींना नपुंसक करून सोडावे, म्हणजे प्रजा वाढणार नाही, ही कल्पना अमेरिकेतील निपलिंग यांच्या मनात घोळत होती, आणि नपुंसक करायचे कसे याचे उत्तर त्यांना म्युलर यांच्या कामात सापडले. हेच तंत्र वापरून जपानने ओकिनावा भागातून काकडी-कारल्यावरची माशी १९९३ मध्ये नाहीशी केली. ही माशी आपल्या बागेतल्या माशीची अगदी जवळची नातेवाईक. म्हणजे पहिल्या माशीवरचे ज्ञान दुसऱ्या माशीच्या कुळावर चालून गेले. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नेहमी विचारला जातो, म्हणून हे उदाहरण मला मुद्दाम नोंदवावेसे वाटले.

तुलनेचा व्यवहारातील उपयोग

दोघींची राहणी एकदा नीट समजली की उपाय आपोआप वेगळे होतात. चिलटासाठी फळे झाकावीत, साली वेळेवर टाकाव्यात, वाटीत थोडा शिरका आणि साबणाचा एक थेंब घालून ठेवावा. हीच वाटी कोणी ‘फळमाशीचा सापळा’ म्हणून बागेत टांगली तर तिचा काडीइतका उपयोग होणार नाही, कारण बागेतली मादी जिवंत फळाच्या शोधात असते. उलट मिथाइल युजेनॉलचा सापळा स्वयंपाकघरात लावला तर चिलटे त्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत.

बागेतल्या माशीची अळी मातीत उतरते, हे बरणीत पाहिले. म्हणून कलमाखाली पडलेला आंबा उचलणे हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. पडलेली फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. उथळ पुरली तर नवी माशी माती सारून वर येते. झाडाखालची माती मधूनमधून हलवली तर कोश उघडे पडून उन्हाने आणि पाखरांनी नष्ट होतात. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर माशी वाढते, तेव्हा तयार फळ झाडावर फार काळ ठेवू नये.

सापळ्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. त्यात फक्त नर पडतात. आपल्या बागेतले नर संपले तरी शेजारच्या बागेत जोडी जमलेली मादी कुंपण ओलांडून येते आणि अंडी घालते. माशीला सात-बारा कळत नाही. रोटा बेटावर यश आले कारण संपूर्ण बेटावर एकाच वेळी काम झाले. आमच्या वाडीत चार घरांनी सापळे लावायचे आणि बाकीच्यांनी पडीक आंबा तसाच कुजू द्यायचा, असे चालले तर चार घरांचा खर्च वाया जाणार. हा प्रश्न येथे प्राणिशास्त्रातून निघून समाजशास्त्रात येतो. सामाईक हिताचे काम कोणी आधी करावे, याची चर्चा आपण वर्गात पुस्तकातून करतो. तिचे उदाहरण माझ्या घराच्या कुंपणावर रोज बसलेले असते.

शेवटी पुन्हा भाषेकडे. इंग्रजीत या दोघींना एकच नाव पडले आणि मराठीने ते जसेच्या तसे उचलले. वास्तविक मराठीजवळ दोन शब्द आधीपासून आहेत. प्रयोगशाळेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या माशीला ‘चिलट’ म्हणावे आणि बागेत फळ टोचणारीलाच ‘फळमाशी’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे. ‘चिलटावरील संशोधनास नोबेल पारितोषिक’ हा मथळा कानाला थोडा विचित्र लागेल, पण तो खरा असेल. आणि शेतीच्या पानावर ‘फळमाशी’ वाचणाऱ्या बागायतदाराला आपल्याविषयीच लिहिले आहे हे कळेल. आमच्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी बागायतदारांच्या घरचे आहेत. त्यांनी या उन्हाळ्यात दोन बरण्यांचा प्रयोग घरी करून पाहावा आणि कलमाखालचा आंबा उचलताना वाडीतल्या आणखी एका घराला बरोबर घ्यावे, एवढीच विनंती.